किरायेदार पारखून घ्या, मगच किल्ली द्या

व्यापारी बंधूंनो, कापडाचे थान घेताना आपण काय करतो? थान उलगडतो, उजेडात धरतो, काठ पाहतो, मीटर मोजतो आणि मगच बिल करायला सांगतो. एवढ्याशा मालासाठी इतकी दक्षता घेणारा माणूस जन्मभराच्या कमाईतून बांधलेली खोली मात्र एका चहावर परक्याच्या हवाली करतो. ही चूक आमच्या घरातही झाली आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

बडनेरा हे जंक्शनचे गाव. रेल्वेचे नोकरदार, अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत जाणारे कामगार, फिरते कारागीर अशा लोकांना इथे किरायाची खोली लागते. नव्या वस्तीत काय किंवा जुन्या वस्तीत काय, दुकानामागे किंवा माडीवर एखादी खोली काढून देणारे आपल्यात बरेच आहेत. कित्येक विधवा भगिनींचे आणि म्हाताऱ्या कारागिरांचे घर त्याच किरायावर चालते. तिथे एक किरायेदार बिघडला तर चूल बिघडते.

माझ्या वालिदांनी १९८८ साली दुकानामागची खोली एका ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर दिली. पावती नाही, लिखापढी नाही. दीड वर्षाने किराया थांबला. त्या काळी आपल्या विदर्भात १९४९ चा ‘सी. पी. अँड बेरार’ भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्याप्रमाणे आधी भाडे नियंत्रकाची परवानगी मिळवायची, मग नोटीस द्यायची आणि त्यानंतर दिवाणी दावा लावायचा. किराया किती ठरला होता, हेच आम्हाला सिद्ध करता येईना. खोली नऊ वर्षांनी हाती आली, तीही तडजोडीने पैसे मोजून. किरायेदाराला दोष देऊन उपयोग नाही. आम्ही विचारपूस केली नव्हती.

आता तो आदेश राहिलेला नाही. ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. पण कायदा नवा झाला म्हणून आपली गाफिली माफ होत नाही. किल्ली देण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

१) आधीचा पत्ता विचारा. याआधी कुठे राहत होता, किती वर्षे आणि का सोडले? सध्याच्या घरमालकाला भेटा, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्याला तो माणूस घालवायचा आहे तो त्याची तारीफच करील. त्याच्याही आधीचा घरमालक खरे बोलतो, कारण त्याचा आता काही मतलब उरलेला नसतो.

२) कमाई स्वतः पाहा. नोकरदाराचे ओळखपत्र आणि पगारपत्रक पाहावे. विद्यार्थ्याचे महाविद्यालयाचे बोनाफाईड पाहावे आणि त्याच्या वडिलांशी स्वतः बोलावे. कारागिराजवळ पगारपत्रक नसते. त्याच्या कामाच्या जागी जावे आणि ज्या दुकानदाराकडून तो माल उचलतो त्याला उधारीचा व्यवहार विचारावा. उधारी वेळेवर फेडणारा किरायाही वेळेवर देतो. किराया कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होत असेल तर माणूस कितीही भला असो, सहा महिन्यांत त्याची ओढाताण सुरू होईल.

३) राहणार किती आणि करणार काय? खोलीत शिलाई मशीन चालणार, रंगकाम होणार की मालाचा साठा राहणार, हे आधीच ठरवा. विजेचे मीटर कोणते, बिल कोण भरणार, पोटकिरायेदार ठेवता येईल की नाही, हे सारे कागदावर यावे.

४) कागद तपासा. आधारची प्रत, फोटो आणि मूळ गावचा पत्ता घ्या, मूळ कागदाशी ताडून पाहा आणि प्रत जपून ठेवा. बडनेरा अमरावती पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्या व पोच घ्या. याने प्रामाणिक माणसाचा अपमान होत नाही. उद्या काही घडले तर तुम्हालाच संरक्षण मिळते.

५) करार नोंदवा. नोटरीकडचा अकरा महिन्यांचा स्टॅम्प पेपर पुरेसा आहे, असा आपल्यात मोठा गैरसमज आहे. एक वर्षाखालच्या भाडेपट्ट्याला नोंदणी कायद्यात सूट आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची रीत पडली. परंतु १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ सांगते की करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात किरायेदार सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात व खोटे ठरवण्याचा भार आपल्यावर येतो. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते.

राहण्याच्या जागेसाठी लिव्ह अँड लायसन्सचा करार बरा. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तेव्हापासून दुप्पट दराने भरपाई मागता येते. दुकान किंवा गोदामाला ही जवळची वाट नाही. म्हणून दुकानाचा किरायेदार दुपटीने पारखावा.

माझ्यासारखे पुष्कळ जण उर्दू शाळेत शिकले आणि करार मात्र मराठीत असतो. लाज बाळगू नका. जाणत्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्या, मगच सही करा.

६) पावती द्या. किराया घेतला की लेखी पावती देणे कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. पावतीचे दुसरे पान आपला पुरावा ठरते. किराया थकला तरी नळ तोडू नका, वीज कापू नका. तसे करणे गुन्हा आहे आणि खरा असूनही आपला मामला कमजोर होतो.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगतो. मोठ्या शहरांत आपल्या मुलांना नाव ऐकताच खोली नाकारली जाते. तो घाव आपण जाणतो. मग आपल्या दाराशी आलेल्या माणसाला आपण जात, बिरादरी किंवा धर्म पाहून परत पाठवू नये. तसेच केवळ बिरादरीचा आहे म्हणून विचारपूस न करता किल्लीही देऊ नये. माझ्या वालिदांनी ज्याला खोली दिली तो आपल्यातलाच होता. आज माझ्या माडीवर रेल्वेचा एक मराठा कर्मचारी राहतो. चार वर्षांत एकदाही किरायाची तारीख चुकली नाही, कारण येण्यापूर्वी मी त्याला सहाही प्रश्न विचारले आणि त्यानेही मला घराचे कागद दाखवा म्हटले. मी खुशीने दाखवले. पारख दोन्ही बाजूंनी झाली की मामला साफ राहतो.