काका बॅप्टिस्टा : श्रद्धा आणि स्वराज्य



“तुम्ही ख्रिस्ती, तुमचा स्वातंत्र्यलढ्याशी काय संबंध?” हा प्रश्न आपल्या मुलांना कधी ना कधी ऐकावा लागतो. रागावून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी माहिती हवी. म्हणून आज बॅरिस्टर जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा यांची ओळख करून घेऊ.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी, म्हणजे आयर्लंडचे आश्रयदाते संत पॅट्रिक यांच्या सणादिवशी, मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. घराणे भाईंदरजवळच्या उत्तनचे, ईस्ट इंडियन कॅथलिक. पुण्यात अभियांत्रिकी शिकून ते केंब्रिजला गेले व बॅरिस्टर झाले.

त्या काळी आयर्लंडही इंग्रजांच्या अमलाखाली होते. तेथील लोक सनदशीर मार्गाने स्वतःचे विधिमंडळ मागत होते. यालाच ‘होमरूल’ म्हणत. ही चळवळ १८७० मध्ये आयझॅक बट या वकिलाने उभी केली. जनता बहुसंख्य कॅथलिक, पुढारी मात्र प्रॉटेस्टंट! न्यायाच्या मागणीत पंथ आडवा आला नाही.

हाच विचार काकांनी आपल्याकडे रुजवला. लोकमान्य टिळकांचे ते जिवलग स्नेही. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी टिळकांना साह्य केले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपद काकांकडे आले. एका कॅथलिक माणसावर टिळकांनी टाकलेला हा विश्वास आपण विसरू नये.

काका केवळ सभांपुरते पुढारी नव्हते. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला आज त्यांचे नाव आहे.

ऐहिक कर्तव्ये टाळणारा ख्रिस्ती माणूस शेजाऱ्याप्रतीचे कर्तव्यच टाळतो, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये दिली. काका ती आधीच जगले होते. एरंडोलसारख्या गावात आपली संख्या थोडी आहे. पण मतदान, ग्रामसभा, नगरपालिका, शाळेची पालकसभा यांची दारे आपल्यालाही उघडी आहेत. संख्या कमी म्हणून मागे राहणे बरे नव्हे.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. टिळक व काका यांना कशाने एकत्र आणले?
२. गावाच्या कोणत्या कामात आपण या महिन्यात भाग घेऊ?