डासांपासून बचाव : घरगुती उपायांचा उपयोग आणि त्यांची मर्यादा



पावसाळा लागला की आपणापैकी अनेकांची पत्रे येतात. कोणी विचारतात, "टोल्यांवर मच्छरांच्या अगरबत्त्या पाठवू का?" कोणी लिहितात, "जंगलात एवढी झाडपाला-औषधी आहे, तर रसायनांऐवजी तिचाच उपयोग लोकांना का शिकवत नाही?" दोन्ही प्रश्न प्रेमाने विचारलेले आहेत. मी गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांतील टोल्यांवर आरोग्यशिक्षणाचे काम करते. तेथे बायांना जो धडा देते, तोच आज आपल्यापुढे मांडत आहे. आपल्या मंडळीतील महिला संघात किंवा तरुण संघात तो एका बैठकीत वाचून होईल. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

१. आधी शत्रू ओळखू या

मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थ 'वाईट हवा' असा आहे. दलदलीच्या दूषित हवेने ताप येतो, अशी शेकडो वर्षे लोकांची समजूत होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले, आणि दोष हवेचा नसून डासाचा आहे हे कळण्याचा मार्ग मोकळा झाला.

चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. पण सगळ्या डासांच्या सवयी सारख्या नसतात, आणि उपाय निवडताना हे लक्षात ठेवावे लागते.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. टाकी, कूलर, फुलदाणी, जुने टायर यांतील साठलेल्या पाण्यात तो वाढतो. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स घाण पाण्यात, गटारांत वाढतो आणि रात्री चावतो. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस संध्याकाळ ते पहाट या वेळात चावतो आणि बहुधा स्वच्छ पाण्यात वाढतो.

आमच्या भागात ॲनोफिलीसच्या दोन जाती मुख्य आहेत. एक धानाच्या बांध्यांत, खड्ड्यांत आणि नदी ओसरल्यावर उरलेल्या डबक्यांत वाढते. दुसरी जंगलातल्या संथ वाहणाऱ्या ओढ्यांच्या कडेला वाढते. आता विचार करा. शहरात आपण आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळतो, भांडी रिकामी करतो, आणि डेंग्यूसाठी तो उत्तम उपाय आहे. पण ज्यांचे पोट धानावर आहे त्यांना बांधी कोरडी करा असे कोण सांगणार? म्हणून आमच्याकडे डास जन्मूच नये यापेक्षा तो माणसाला चावू नये, यावर जास्त भर द्यावा लागतो.

२. धूर

टोल्यांवर सर्वांत जुना उपाय धुराचा. संध्याकाळी निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा ओला-सुका पाला निखाऱ्यांवर टाकतात. गोठ्यात गोवऱ्यांची धुनी असतेच. धुराने डास दूर जातात, यात शंका नाही. पण त्याच्या दोन मर्यादा आहेत.

पहिली अशी की धूर आहे तोवरच त्याचा गुण. ॲनोफिलीस मध्यरात्री आणि पहाटेही चावतो, आणि तेव्हा घरातले सगळे गाढ झोपेत असतात.

दुसरी मर्यादा श्वासाची. बंद झोपडीतला धूर लहान मुलांच्या फुप्फुसांना घातक असतो. पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाचा धोका त्याने वाढतो. म्हणून मी सांगते, धूर अंगणात करावा, माणसे जेवत-बोलत बसलेली असतात तेव्हा. तान्हे बाळ, दमेकरी आणि गरोदर बाई यांना धुरापासून लांब बसवावे. झोपायच्या खोलीत धुनी ठेवू नये.

अगरबत्ती आणि कॉइल पाठवू इच्छिणाऱ्यांनाही हेच उत्तर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असू शकतात. खिडकी नसलेल्या झोपडीत ती भेट नको.

३. अंगाला लावायचे तेल

घरगुती उपायांत मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो कडुनिंबाच्या तेलाचा. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ साली याविषयी लिहिले आहे. खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून उघड्या अंगाला लावले, तेव्हा ॲनोफिलीस डासांपासून रात्रभर बचाव झाला. पुढे इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत मात्र गुण कमी वेळ टिकल्याचेही आढळले. म्हणून एकदा लावले की रात्र निभावली, असे मी कोणालाही सांगत नाही.

करण्याची रीत सोपी आहे. पाव लिटर खोबरेल तेलात औषधाच्या मापाने ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, कडुनिंबाचे तेल घालावे आणि बाटली चांगली हलवावी. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस पाहावे. खाज किंवा पुरळ आले नाही तर सूर्यास्ताच्या सुमारास हात, पाय, मान येथे लावावे. घाम आला, अंग धुतले, तर पुन्हा लावावे.

काही सूचना मी टोल्यावर तीन-तीनदा म्हणवून घेते :

• हे तेल पोटात घ्यायचे नाही. कडुनिंबाचे तेल पाजल्याने लहान मुलांना झटके येऊन ती दगावल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत.
• तान्ह्या बाळाला लावायचे नाही. बाळ हात तोंडात घालते. त्याला मच्छरदाणीच हवी.
• गरोदर बाईने वापरू नये.
• डोळे, ओठ आणि जखम यांना लागू देऊ नये.
• बाटली आढ्याला टांगावी, मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

करंजाचे तेल अनेक घरी असते आणि लोक ते खरजेवर लावतात. डासांसाठीही काही जण तेच चोळतात. त्याला माझी हरकत नसते, पण वरील सूचना त्यालाही लागू आहेत असे सांगते.

४. गवती चहा, तुळस, लिंबू, कापूर

गवती चहाच्या आणि त्याच्या जातीच्या गवतांच्या तेलाने डास दूर राहतात, हे खरे आहे. पण ही सुगंधी तेले लवकर उडून जातात; गुण तास-दोन तासच टिकतो. संध्याकाळी अंगणात बसताना ती ठीक आहेत, रात्रीच्या झोपेसाठी पुरत नाहीत. नुसते रोप दारात लावून डास पळत नाहीत, कारण पान चुरडल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. तुळशीचेही तसेच. रोप जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर उघड्यावर झोपू नका.

अर्ध्या लिंबात लवंगा टोचून ठेवणे, लसूण खाणे, यांनी डास चावायचे थांबतात याला पुरावा नाही. लसूण जेवणात चांगला, एवढेच म्हणावे. कापराच्या वड्यांविषयी तर सावध राहा. पांढरी वडी मुलांना खडीसाखरेसारखी दिसते, आणि थोडा कापूरही पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात.

५. पाणी आणि मासे

अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते पंधरवडा लागतो. याच काळात तो पाण्यात अळीच्या रूपाने आपल्या हाती असतो. हातपंपाभोवती साचणारे पाणी चर काढून परसबागेत वळवावे किंवा शोषखड्ड्यात सोडावे. घर सारवायला माती काढलेले खड्डे बुजवावेत. जे पाणी काढता येत नाही, म्हणजे बोडी, विहीर, गुरांचे टाके, त्यात गप्पी मासे सोडावेत. हे मासे अळ्या खातात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मागितले तर बहुधा मिळतात. वाहत्या ओढ्यात किंवा नदीत मात्र ते सोडू नयेत. तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.

६. मच्छरदाणी

एकदा धडा चालू असताना एका आजीने विचारले, "बाई, आमच्या आईच्या आईपासून आम्ही निर्गुडीचा धूर करतो. तो सोडायचा का?"

मी म्हटले, "सोडू नका, आजी. पण निखारे विझल्यावर रात्रभर राखण कोण करणार?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या मच्छरदाणीकडे बोट करून हसल्या.

शासनाकडून मिळणाऱ्या मच्छरदाणीच्या धाग्यातच कीटकनाशक असते. ते साधारण ३ वर्षे किंवा २० धुण्यांपर्यंत टिकते. म्हणून ती वारंवार धुऊ नये, धुतल्यास सावलीत वाळवावी, आणि फाटली की लगेच शिवावी. कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. सर्वांना पुरेशी नसेल तर गरोदर बाई आणि पाच वर्षांखालील मुले यांचा हक्क पहिला. धान राखायला शेतावर जाणाऱ्याने आणि तेंदूपानाच्या हंगामात रानात मुक्काम करणाऱ्याने ती बरोबर न्यावी. मच्छरदाणीने मासे धरणे हा मोह मोठा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मी रागावत नाही; मासे धरायला जाळे वेगळे ठेवा, एवढेच सांगते.

७. घरगुती उपायाचा खरा धोका

आता या धड्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता एका टोल्यावर चार वर्षांचा मुलगा तापाने फणफणला. आई जाणती आणि काळजी घेणारी. ती रोज धूर करी, मुलाला तेल चोळी. त्यामुळे हा हिवताप नसणार, असे तिच्या मनाने घेतले. तिसऱ्या दिवशी मूल हाक मारली तरी डोळे उघडेना. नाल्याला पाणी होते. गावच्या चार तरुणांनी खाटेवर घालून त्याला पलीकडे नेले, तेथून जीपने रुग्णालय गाठले. मेंदूवर गेलेला हिवताप होता, आणि अंगात रक्तही फार कमी उरले होते. रक्त चढवावे लागले. मूल वाचले, आज ते अंगणवाडीतून शाळेत गेले आहे. पण त्याच आठवड्यात शेजारच्या टोल्यावरचे एक मूल वाचले नाही.

त्या आईचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. तिने जे जमले ते सर्व केले. पण उपाय केला म्हणून आजार होणारच नाही असे मनाने धरले, की तपासणी लांबते, आणि फाल्सिपेरम जातीचा हिवताप वाट पाहत नाही. धूर असो, तेल असो वा मच्छरदाणी, कोणताही उपाय शंभर टक्के नाही. म्हणून आमचा नियम एकच : ताप आला की २४ तासांच्या आत रक्ततपासणी. आशा कार्यकर्तीकडे तपासणीची पट्टी असते. बोटातून एक थेंब रक्त, आणि १५ ते २० मिनिटांत निकाल. हिवताप निघाला तर गोळ्यांचा पूर्ण डोस घ्यायचा. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात लपून राहतात आणि पुन्हा ताप आणतात. त्यासाठी सांगितल्यास १४ दिवसांच्या गोळ्या ताप उतरला तरी पूर्ण करायच्या. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला ताप आला तर एक रात्रही थांबायचे नाही.

झाडपाल्याने ताप उतरवण्याचा प्रयत्न करू नका, असे सांगताना मी पुजाऱ्यालाही बैठकीला बोलावते. काही टोल्यांवर आता पुजारीच म्हणतो, "आधी आशाताईकडे रक्त दाखवा, मग माझ्याकडे या." त्याचा मान राहतो आणि मुलाचा जीवही.

८. आपण काय करू शकता?

अगरबत्त्या आणि कॉइल पाठवू नका. पाठवायचेच असेल तर मच्छरदाण्या शिवायला सुई-दोरा, शेतावर एकट्याने झोपणाऱ्यासाठी लहान मच्छरदाण्या, नाला ओलांडून रुग्ण नेण्यासाठी गाडीभाडे, यांचा विचार करा. आणि ज्या रात्री आपल्या घरी डास गुणगुणेल, त्या रात्री बांधीवर धान राखत बसलेल्या माणसासाठी प्रार्थना करा. रक्ताचा थेंब तपासण्यासाठी चिखल तुडवत जाणाऱ्या आशाताईंनाही विसरू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घराभोवती कोणत्या जातीचे डास असावेत? ते कोणत्या वेळी चावतात?
२. आपण वापरत असलेला घरगुती उपाय किती तास टिकतो? उरलेल्या वेळेचे काय?
३. आपल्या घरात कापूर, कडुनिंबाचे तेल मुलांच्या हाती लागेल अशा जागी आहे का?
४. आपल्या मंडळीत ताप आलेल्या गरीब कुटुंबाला त्याच दिवशी तपासणीला नेणारा कोणी आहे का? नसेल तर ती जबाबदारी कोण घेईल?