प्रवरेच्या उगमाशी : रतनवाडी या डोंगरी खेड्याचा परिचय

खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. वेस, पांढरी, चावडी, मारुतीचे देऊळ, पाटलाचा वाडा आणि भोवती बलुतेदारांची घरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ या ग्रंथात ज्या गावाचे वर्णन केले, ते हेच पठारावरचे गाव. आपल्या जिल्ह्यातील नेवासे, शेवगाव, राहुरी, श्रीगोंदे या भागांतील खेडी कमीअधिक प्रमाणात या साच्यात बसतात. परंतु जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत, याच जिल्ह्याचा एक असा भाग आहे की जेथे हा साचा अपुरा पडतो. अकोले तालुक्याच्या या पश्चिम भागाला ‘डांगाण’ म्हणतात. त्या डांगाणातील रतनवाडी या लहानशा खेड्याचा परिचय करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

रतनवाडीची निवड करण्यास एक विशेष कारण आहे. ज्या प्रवरेच्या पाण्यावर संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी हा बागायती पट्टा उभा आहे, ती नदी रतनवाडीच्या माथ्यावर, रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तेव्हा हे खेडे दूरचे असले तरी आपल्याला परके नाही. आपल्या ताटातील साखर आणि आपल्या शेतातील पाट यांचा पहिला धागा तेथे आहे.

स्थान व निसर्ग

अहिल्यानगर शहरापासून रतनवाडी दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. संगमनेर, अकोले, राजूर अशी गावे मागे टाकीत शेंडीला पोचले की भंडारदऱ्याचे धरण लागते. तेथून जलाशयाच्या काठाकाठाने मुतखेल, कोलटेंभे अशी गावे घेत वाट रतनवाडीला जाते. पूर्वी जलाशयातून होडीने जाणे हाच सोयीचा मार्ग होता. आता रस्ता झाला आहे. तरी भर पावसात दरड कोसळली किंवा ओढ्याला लोंढा आला की तो अडतो.

गावाच्या पाठीशी सुमारे १,३०० मीटर उंचीचा रतनगड उभा आहे. त्याच्या माथ्यावर कातळाला आरपार पडलेले छिद्र आहे. त्याला ‘नेढे’ म्हणतात. जलाशयाच्या पलीकडे उत्तरेस महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) दिसते. पश्चिमेस साम्रद व घाटघर ही गावे ओलांडली की डोंगराचा कडा एकदम तुटून खाली कोकण सुरू होते.

या भूरचनेमुळे पावसाचे प्रमाण थक्क करणारे आहे. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास असताना घाटघर-रतनवाडी भागात ते काही हजार मिलिमीटरपर्यंत जाते. पावसाळ्यात घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा येथील पावसाचे आकडे वृत्तपत्रांत रोज छापून येतात आणि खालच्या तालुक्यांतील शेतकरी ते मोठ्या आस्थेने वाचतात. धरण किती भरले एवढेच त्यांना त्यावरून जाणून घ्यायचे असते. त्या पावसात माणसे कशी राहतात, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

लोक व वस्ती

या भागातील प्रमुख समाज महादेव कोळी हा आहे; ठाकर समाजाच्या वस्त्याही डांगाणात आहेत. महादेव कोळी या जमातीचा पद्धतशीर अभ्यास डॉ. गो. स. घुर्ये यांनी केला; त्यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. हा समाज समुद्रावरील कोळी समाजापेक्षा निराळा. मासेमारी हा त्याचा व्यवसाय नसून डोंगरउतारावरील शेती, गुरे आणि जंगल यांवर त्याचा निर्वाह चालतो. एकाच जमातीचे प्राबल्य आणि वाड्यापाड्यांतून विखुरलेली वस्ती यांमुळे बारा बलुतेदारांची पूर्ण मांडणी अशा डोंगरी खेड्यांत सहसा आढळत नाही. औजार दुरुस्त करणे, घर शाकारणे, कणगी विणणे अशी कितीतरी कामे कुटुंबच करते. मोठ्या कामाला शेजारीपाजारी इर्जिकीला येतात.

जुन्या पद्धतीचे घर कारवीच्या काठ्यांच्या कुडाचे असते. वर शेणमातीचा लेप देतात. छपराचा उतार तीव्र, कारण पाणी क्षणभरही थांबून चालत नाही. घराच्याच एका भागात गुरांचा गोठा असतो. अलीकडे विटांच्या भिंती आणि पत्रे आले आहेत.

या लोकांचा इतिहास केवळ सोसण्याचा नाही. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकारशाही आणि इंग्रजी राजवट यांच्याविरुद्ध १८४० नंतरच्या दशकात उठाव केला. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कर्जापायी जमीन जाण्याचे दुःख किती जुने आहे, याची साक्ष या उठावात मिळते.

गावातील अमृतेश्वराचे शिवमंदिर हे कोरीव दगडी शिल्पकलेचा उत्तम नमुना आहे. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमाशी बारा शिवालये बांधली व त्यांतील हे एक, असे परंपरा सांगते. जवळच दगडी पुष्करणी असून तिच्या कोनाड्यांत देवमूर्ती आहेत. प्रवरेला ‘अमृतवाहिनी’ म्हणतात. याच नदीच्या काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

शेती व वर्षाचे चक्र

भात हे येथील मुख्य पीक. चैत्र-वैशाखात राब भाजण्यापासून कामास आरंभ होतो. झाडांच्या बारीक फांद्या, पालापाचोळा, शेण व गवत यांचे थर रचून वर माती पसरतात आणि ते जाळतात. यामुळे तणाचे बी जळते व राख मिसळून रोपांना जोम येतो. पाऊस पडला की राबावर रोपे वाढतात. आषाढात खाचरांची चिखलणी करून आवणी होते. डोक्यावर पानांचे इरले घेऊन, दिवसभर वाकून, गुडघाभर चिखलात स्त्रिया रोपे लावतात. वरकस जमिनीवर नाचणी, वरई आणि खुरासणी होते. काळभातासारखी सुवासिक जात ही या भागाची ओळख आहे.

उतारावर बांध घालून पाणी आणि माती थोपवणारी ही खाचरे पाहिली की इतर देशांतील डोंगरी शेतकऱ्यांची आठवण होते. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या अंतर्भागात राहणारे तोराजा लोक आपल्या डोंगरावर अशीच पायऱ्यापायऱ्यांची भातशेती करतात. फिलिपाईन्समधील इफुगाओ लोकांच्या भातखाचरांना युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारशाचा मान दिला. आपल्याकडील खाचरे आकाराने लहान असतील. परंतु त्यांमागची बुद्धी तीच आहे. तिला केवळ ‘मागासलेली शेती’ म्हणून बाजूला सारणे हा अन्याय होय. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचे जतन केले आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या ज्ञानाची किंमत सर्वांच्या ध्यानात आली.

गुरांमध्ये डांगी ही जात या मुलखासाठीच घडलेली आहे. तिच्या कातडीतून स्रवणाऱ्या तेलकट द्रवामुळे संततधार पावसाचा तिला त्रास होत नाही आणि खूर टणक असल्याने खडकाळ चढउतार ती सहज करते. राजूरचे डांगी जनावरांचे प्रदर्शन सर्वत्र प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला गुराखी वाघदेवाची पूजा करून गुरांच्या रक्षणाची प्रार्थना करतात. वाघ आता या रानात राहिला नसला तरी हा सण राहिला आहे.

जंगलातून हिरडा, करवंदे, मध, रानभाज्या मिळतात. मात्र १९८६ साली सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले आणि तोडीवर व चराईवर निर्बंध आले. शेकरूसारखा प्राणी व जुन्या देवराया टिकणे आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु राबासाठी पाला कोठून आणावयाचा, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. वनहक्क कायद्याने (२००६) ग्रामसभेला आपला सामूहिक हक्क मागण्याची वाट मोकळी करून दिली आहे.

पाणी : सर्वांत मोठा विरोधाभास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये लागोपाठ दुष्काळ पडले. त्या अनुभवानंतर सरकारने मोठी धरणे हाती घेतली, त्यांत भंडारदरा हे प्रमुख होते. १९१० मध्ये सुरू झालेले हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले व त्यास मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव देण्यात आले. त्याची साठवण सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट आहे. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत ओझरच्या बंधाऱ्यावर येते व तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतात जाते. या पाण्यावर ऊस पिकला. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. कारखान्यांमागून शाळा, महाविद्यालये, दवाखाने आले. सहकाराचा हा इतिहास आपण अभिमानाने शिकतो, आणि तो अभिमान योग्यच आहे.

आता याच कथेचा दुसरा भाग पाहू. जेथे पाऊस हजारो मिलिमीटर पडतो, त्या डांगाणातील अनेक वाड्यांना चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्याची वणवण करावी लागते. कारण सोपे आहे. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. त्यामुळे पडलेले पाणी मुरत नाही, धावत सुटते. ते जलाशयात साठते, पण जलाशय गावांच्या खालच्या अंगाला असतो. खालच्या पिकांसाठी एकामागून एक आवर्तने सुटली की पाणी मागे हटू लागते, आणि जलाशयाच्या वरच्या, उथळ टोकाला असलेला भाग सर्वांआधी कोरडा पडतो. उन्हाळ्यात पाणी उरते ते भिंतीजवळ, उगमाजवळ नव्हे.

पाण्यापाठोपाठ माणसेही खाली जातात. भाताचे एकच पीक. ते कार्तिकात हाती आले की पुढे काम नाही. मग डांगाणातील कुटुंबे पाठीवर बोचकी घेऊन बागायती गावांकडे मजुरीला निघतात. कोणी संगमनेरकडे, कोणी नाशिककडे, कोणी नारायणगावच्या मजूरबाजारात उभे राहतात. ज्यांच्या डोंगरावरून पाणी उतरले, तेच दुसऱ्याच्या ओलिताच्या शेतात रोजाने राबतात. यामुळे मुलांच्या शिक्षणात खंड पडतो. आश्रमशाळांनी ही अडचण पुष्कळ कमी केली असली तरी राजूर-अकोल्याच्या पुढे, विशेषतः मुलींचे, शिक्षण चालू राहणे आजही सोपे नाही.

या पाण्यावर हक्क सांगणारे अनेक आहेत. जुने लाभधारक आहेत. २०२३ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांना पाणी आले, ते नवे लाभधारक आहेत. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ साली झाल्यापासून समन्यायी वाटपाच्या तत्त्वाने जायकवाडीसाठी मराठवाड्याचीही मागणी असते आणि टंचाईच्या वर्षी वाद न्यायालयापर्यंत जातो. या सर्व वादात धरणाच्या वर राहणाऱ्या माणसाचे नाव क्वचितच ऐकू येते. त्याची गरज काही टीएमसीची नसते. वाडीच्या वर एखादा लहान बंधारा, झऱ्याचे बांधलेले टाके, उपसा करून दुसऱ्या पिकापुरते पाणी, एवढ्याने त्याचे स्थलांतर पुष्कळसे थांबू शकेल. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प चालतो; तेथे कोकणाच्या अंगाने शेकडो मीटर खाली असलेले पाणी कडा चढवून वर आणले जाते. जे पाणी विजेसाठी वर चढते, ते तहानेसाठी चढू शकणार नाही असे म्हणता येत नाही.

नवे वारे

गेल्या काही वर्षांत पर्यटन हे उत्पन्नाचे नवे साधन झाले आहे. गडावर जाणारे तरुण, पावसाळ्यातील धबधबे आणि पावसाच्या आगमनापूर्वी झाडाझाडांवर लुकलुकणारे काजवे पाहण्यास हजारो लोक येतात. वाटाड्या, खाणावळ, तंबू यांतून घरात चार पैसे येतात. परंतु वाहनांचे दिवे आणि गोंगाट काजव्यांना घातक आहे. त्यांचे लुकलुकणे हे जोडीदाराला दिलेले बोलावणे असते, आणि झगमगाटात ते हरवते. नियमन ग्रामसभेच्या हाती राहिले, तरच हा व्यवसाय टिकेल व त्याचा पैसा गावात राहील.

समारोप

रतनवाडीचा परिचय करून घेताना एक गोष्ट स्पष्ट होते. हे खेडे गरीब आहे ते निसर्गाने काही दिले नाही म्हणून नव्हे. पाऊस, जंगल, बियाणे, जनावर, कला, शौर्याचा इतिहास, सारे तेथे आहे. उणीव आहे ती हिशेबात. प्रवरेच्या पाण्याचा हिशेब आपण धरणाच्या भिंतीपासून मांडत आलो. तो उगमापासून मांडावयास हवा. अर्थशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील अशा वाड्यांचा अभ्यास हाती घेतला, पाणी कोठे पडते, कोठे जाते आणि वर किती उरते याची साधी नोंद केली, तरी पुष्कळ काम होईल. प्रवरेचे पाणी प्यालेल्या आपल्यासारख्यांनी उगमाकडचे हे देणे मान्य करणे, ही त्याची सुरुवात होय.