पंखा फिरते न् थांबते!

आमचं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण गोष्ट आजीची आहे, म्हणून मराठीतच लिहितो.

मे महिना, अकोल्याचा पारा 45 च्या आसपास. मी इकडे अमरावतीला होस्टेलवर. आजीचा फोन आला, "बापू, एसीतला पंखा फिरते न् थांबते. लाइट टिमटिम करते." इलेक्ट्रिकलवाला म्हणून मी ऐटीत सांगून टाकलं, "कॅपॅसिटर गेला." बाबांनी तो बदलून घेतला. दोष तसाच! मग मेकॅनिक म्हणाला, बोर्ड बदला. खर्च हजारांत. दोन रात्री आजीला झोप नाही, तिसऱ्या दिवशी तिला चक्कर आली. मी बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडली.

घरी पाहिलं, तर पंखा जोरात सुरू व्हायचा आणि मिनिटभरात बंद पडायचा. कॅपॅसिटर गेला असता तर तो असा जोरात सुरूच झाला नसता. मग थांबतो का?

आमच्या स्प्लिट एसीत पंख्याच्या मोटरला दोन प्लग आहेत. एकातून वीज जाते. दुसऱ्यात तीन बारीक वायरी: 5 व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. मोटर फिरली की आतला हॉल सेन्सर पल्स पाठवतो, त्यावरून बोर्ड वेग मोजतो. पल्स नाही आले, तर पंखा बंद आहे असं समजून बोर्ड सगळंच थांबवतो. कारण हवा न खेळता कॉम्प्रेसर चालला तर कॉइलवर बर्फ जमतो.

म्हणून तपासायचा क्रम असा:

1. आधी एमसीबी बंद करा.
2. ब्लोअर हाताने फिरवा. जड लागला तर बेअरिंग किंवा अडकलेला कचरा.
3. मोकळा फिरतो, पण चालू केल्यावर नुसता गुणगुणतो? कॅपॅसिटर पाहा. (इन्व्हर्टर एसीत बहुधा डीसी मोटर असते, तिला हा कॅपॅसिटर नसतो.)
4. फिरून थांबतो? आधी तीन वायरींचा प्लग, मग सेन्सर. बोर्ड सर्वांत शेवटी.

चालू एसीत मीटर लावायचं काम मात्र जाणकारावरच सोडा.

आमच्या प्लगच्या पिना काळ्या पडल्या होत्या. मेकॅनिकदादांनी त्या साफ करून प्लग घट्ट बसवला. पंखा चालू!

आजी म्हणाली, "मी सांगतलं होतं नं, फिरते म्हणून!"

खरंच, सांगितलं होतं. मीच अर्धं ऐकलं.