तरोटा व त्यातील पिवळे द्रव्य

मृगाच्या सरी पडल्या की धारूरच्या किल्ल्याच्या वाटेवर, बांधांवर व पडीक रानात तरोटा दाट उगवतो. कोकणात त्यास टाकळा म्हणतात. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपणां सर्वांस ठाऊकच आहे. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते त्याच्या संस्कृत नावाविषयी. ते नाव चक्रमर्द, म्हणजे चक्राचा नाश करणारा. आणि हे चक्र म्हणजे अंगावर उठणारा वाटोळा नायटा होय.

नावातला हा गुण कोठून आला? तरोट्याच्या बियांत क्रायसोफेनॉल नावाचे सोनेरी पिवळे द्रव्य असते. ग्रीक भाषेत सोन्यास क्रायसॉस म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. ते अँथ्राक्विनोन कुळातील असून त्याच्या एका रेणूत कार्बनचे 15, हायड्रोजनचे 10 व ऑक्सिजनचे 4 परमाणू असतात. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. परंतु अल्कलीच्या द्रावणात विरघळून तांबडेभडक होते. चुन्याने हळद लाल होते हे कुंकू करणाऱ्या आपल्या आजीबाईंस ठाऊक होतेच. मात्र हळदीतील द्रव्य अगदी निराळ्या कुळातले आहे. तेव्हा केवळ रंगावरून द्रव्य ओळखू गेल्यास फसगत व्हावयाची.

अशी फसगत मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांचीही झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नायट्यावर ‘गोवा पावडर’ नावाची पूड मिळत असे. ही पूड मूळची ब्राझीलातील अरारोबा वृक्षाच्या खोडातली. पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे ती गोव्यास आली. 1875 साली ॲटफील्ड यांनी ती तपासून तीत मुख्यतः क्रायसोफेनॉलच आहे असे ठरविले. परंतु 1878 साली लीबरमान व सायडलर यांनी दाखविले की, पुडीत असते ते क्रायसारोबिन. अल्कली व हवा यांच्या योगाने त्यास ऑक्सिजन मिळाला म्हणजे मग त्याचे क्रायसोफेनॉल बनते. पुढे 1975 साली तरोट्याच्या बियांतील बुरशीनाशक द्रव्य वेगळे काढण्यात आले, तेव्हा तेही क्रायसोफेनॉलचे असेच कमी ऑक्सिजनचे रूप निघाले! गोव्याची पूड आणि आपल्या बांधावरचा तरोटा यांचा गुण असा एकाच ठिकाणी येऊन मिळाला.

हे द्रव्य सौम्य मात्र नव्हे. क्रायसारोबिनाने कातडी भाजल्यासारखी लाल होते, कपड्यांवर न जाणारे डाग पडतात आणि डोळ्यांस तर ते फारच अपायकारक आहे. म्हणून बिया वाटून मुलांच्या अंगास लावण्याचा प्रयोग पालकांनी घरी करू नये.

याहून गंभीर गोष्ट कासविंद्याची. तो तरोट्याचा भाऊबंद. फुले तशीच पिवळी. त्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले यकृत, स्नायू व मेंदू यांच्या विकाराने दगावल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातील अँथ्राक्विनोनांवरच संशय घेतला गेला. म्हणून ओळख पक्की असावी. तरोट्याच्या पानात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, त्यांची टोके गोलसर, आणि शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वाकडी. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असतात व शेंग चपटी असते.