नगररचना आणि नागरिक

शहर म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. घरांबरोबरच शाळा, बाजार, दवाखाना, मैदान, रस्ते, स्मशानभूमी या सर्वांना जागा लागते. आणि जागा तर मोजकीच असते. कोणत्या भूखंडावर काय असावे हे आधी ठरविले नाही, तर ज्याच्या हाती बळ वा पैसा, त्याच्या हाती जागा, असा प्रकार होतो. तसे होऊ नये म्हणून शहराचा विकास आराखडा तयार करण्यात येतो. त्यात शहराचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पाडतात आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागा निरनिराळ्या कामांसाठी राखून ठेवतात. अशा राखून ठेवण्यास ‘आरक्षण’ म्हणतात.

आराखडा काढणे हे तज्ज्ञांचे काम आहे, यात शंका नाही. परंतु रेषा कागदावर ओढली जाते आणि तिचे परिणाम माणसांना भोगावे लागतात. जमिनीचा उतार, रस्त्याची रुंदी, लोकसंख्येची वाढ यांचा हिशेब तज्ज्ञ करू शकतो. पण पावसाळ्यात कोणत्या बोळात गुडघाभर पाणी साचते, शाळेची मुले रस्ता कोठे ओलांडतात, सायंकाळी वृद्ध माणसे कोणत्या पारावर विसावतात, हे तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. हे दोन्ही प्रकारचे ज्ञान एकत्र आले, तरच नगररचना चांगली होते.

ही गोष्ट ज्यांनी फार पूर्वी ओळखली, त्यांत पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाची गणना होते. १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी होळकरांच्या इंदूर शहराची पाहणी करून त्यांनी १९१८ साली आपला अहवाल सादर केला होता. त्या काळी इंदुरात प्लेगची भीती होती. नुसते हुकूम काढून शहर स्वच्छ होणार नाही, हे जाणून गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा उपयोग करून घेतला. ज्या भागातील लोक आपली घरे व रस्ते अधिक स्वच्छ ठेवतील, त्या भागातून मिरवणूक जाईल, असे जाहीर करण्यात आले. मग काय, आळीआळीत चढाओढ लागली! घरांची डागडुजी झाली, भिंतींना रंग चढला, साठलेला कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. जे काम दंडाच्या धाकाने झाले नसते, ते लोकांना सहभागी करून घेतल्याने झाले.

गेडिस यांच्या काळी लोकांना विचारणे हा नगररचनाकाराचा सुज्ञपणा होता. आज तो नागरिकांचा हक्क झाला आहे. महाराष्ट्रात १९६६ साली प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम संमत झाला. त्यानुसार प्रारूप आराखडा तयार झाला, की राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत तशी सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि आराखडा लोकांना पाहण्यासाठी खुला ठेवावा लागतो. त्यावर ३० दिवसांच्या आत कोणाही नागरिकास लेखी हरकत घेता येते किंवा सूचना करता येते. या अर्जांचा विचार नियोजन समिती करते. महानगरपालिकेच्या बाबतीत या समितीत स्थायी समितीचे ३ सभासद आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. अर्जदारास समितीपुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. शेवटी शासनाची मंजुरी मिळाली, म्हणजे आराखडा अमलात येतो.

३० दिवसांचा हा अवधी थोडा आहे. तेवढ्यात कामधंदा सांभाळून नकाशे पाहणे एकट्यादुकट्याला कठीण जाते. येथेच वस्तीतील स्वयंसेवकांची गरज भासते. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थी अशी दहापाच मंडळी एकत्र येतात. प्रथम ती आपल्या भागाचा नकाशा मिळवून त्यावरील खुणा व रंग समजावून घेतात. मग नकाशा हाती घेऊन गल्लीगल्लीतून फिरतात आणि कागदावर जे आहे ते जमिनीवर आहे की नाही, हे ताडून पाहतात. त्यानंतर वस्तीची सभा भरवून सर्वांना सोप्या भाषेत माहिती देतात. शेवटी अर्ज लिहितात, तो मुदतीत दाखल करून पोच घेतात आणि सुनावणीच्या दिवशी हजर राहतात.

अर्ज लिहिण्यातही शहाणपण लागते. ‘आमच्यावर अन्याय झाला, हे चालणार नाही,’ एवढेच लिहिल्याने समितीच्या हाती काही लागत नाही. याउलट, ‘अमुक भूमापन क्रमांकाच्या जागेवर शाळेचे मैदान आहे, नकाशात तेथे रस्ता दाखविला आहे, सोबत छायाचित्र जोडले आहे, रस्ता पूर्वेकडून नेल्यास मैदान वाचेल,’ असे लिहिले तर त्याची दखल घेणे भाग पडते. रागापेक्षा पुराव्याचे वजन अधिक असते.

लोकांच्या या जागरूकतेचा प्रत्यय मुंबईत आला. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०३४ सालापर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. नागरिक व संस्था नकाशे तपासू लागल्या, तेव्हा अनेक चुका उजेडात आल्या. कोठे उभ्या इमारतींवरून रस्ते नेले होते, तर कोठे वारसा म्हणून जपलेल्या वास्तूंची नोंदच नव्हती. जुनी गावठाणे आणि कोळीवाडे नीट दाखविले नाहीत, अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. आरे परिसरातील हिरव्या पट्ट्यात बांधकामास वाट मिळेल, या शंकेने निसर्गप्रेमी अस्वस्थ झाले. हरकतींचा अक्षरशः पाऊस पडला. अखेर एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने सुधारण्याचा आदेश दिला. सुधारित आराखडा मे २०१६ मध्ये लोकांपुढे आला. त्यावरही हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०१८ साली त्यास शासनाची मंजुरी मिळाली. सर्वांच्याच मागण्या मान्य झाल्या असे नाही. तरीपण एवढ्या मोठ्या महानगराचा आराखडा सामान्य नागरिकांच्या अर्जांमुळे मागे घ्यावा लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र या कामी एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. स्वयंसेवकांनी केवळ आपल्या दारापुरते पाहू नये. कचरा सर्वांच्याच घरी निघतो. पण कचऱ्याचे केंद्र मात्र दुसऱ्याच्या वस्तीत असावे, असे प्रत्येकाला वाटते. बाजार हवा, पण भाजीवाल्याला बसायला जागा नको, असेही म्हणणारे आढळतात. जे सभेला येऊ शकत नाहीत, ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, जे पोटासाठी दिवसभर राबतात, त्यांचीही बाजू मांडणारा स्वयंसेवकच खरा लोकसेवक होय. जो आपल्या गल्लीचे मैदान वाचविण्यासाठी ते ओझे शेजारच्या गरीब वस्तीवर ढकलतो, त्याने नगराचे हित केले असे म्हणता येणार नाही.

आराखडा साधारणपणे २० वर्षांसाठी केलेला असतो. तो मंजूर होतो त्या वर्षी जो मुलगा १२ वर्षांचा असतो, तो पुढचा आराखडा येईपर्यंत ३२ वर्षांचा झालेला असतो. त्याच्या वस्तीतील मैदान नकाशातून एकदा पुसले गेले, तर त्याचे खेळण्याचे वय परत येत नाही. म्हणून ज्या ३० दिवसांत नकाशा लोकांसाठी उघडा असतो, ते दिवस जाणत्या नागरिकाने वाया जाऊ देऊ नयेत. मत देऊन प्रतिनिधी निवडणे हे लोकशाहीतील एक कर्तव्य होय; आणि आपल्या नगराचा नकाशा डोळे उघडे ठेवून वाचणे, हे तितकेच महत्त्वाचे दुसरे कर्तव्य होय.

स्वाध्याय

१. नगररचनेसाठी तज्ज्ञ व रहिवासी या दोघांचेही ज्ञान का आवश्यक आहे?
२. गेडिस यांनी इंदूरच्या लोकांना स्वच्छतेच्या कामात कसे सहभागी करून घेतले?
३. ‘रागापेक्षा पुराव्याचे वजन अधिक असते,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. शाळेच्या परिसराचा नकाशा काढा. त्यात कोणती सुधारणा हवी, हे सांगणारा अर्ज दहा ओळींत लिहा.