हात कसा चालतो?
(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी पाठ)



शरीर व त्याचे अवयव हा विषय आपल्या वर्गांत वारंवार येतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय शिकविताना आपण हात, पाय, डोळा यांची नावे घेतो व पुढे जातो. हे अवयव प्रत्यक्षात एकमेकांच्या साह्याने कसे चालतात, हे मात्र मुलांना क्वचितच सांगितले जाते. या पाठात आपण फक्त हात घेऊ. कोसाडला व सुरतेच्या इतर भागांत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत पुष्कळांची भाकरी हाताच्या कसबावर आहे. कोणी यंत्रमागावर तुटलेला धागा जोडतो, कोणी घंटीवर हिरा धरतो, कोणी घरी बसून साडीला टिकल्या लावते. तेव्हा मुलांना हा विषय परका वाटणार नाही.

साहित्य : एक जुनी बिजागरी, दोरीचे दोन तुकडे, कागदाची एक पट्टी.

१. हाडे व सांधे

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत एका हातात २७, म्हणजे दोन्ही हातांत मिळून ५४. एकूण हाडांचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग केवळ दोन हातांत आहे! हाड हे वाळलेले लाकूड नव्हे. ते जिवंत आहे, त्याला रक्त मिळते, म्हणूनच मोडलेले हाड पुन्हा जुळते.

जेथे दोन हाडे मिळतात तेथे सांधा असतो. कोपर बिजागरीसारखे उघडते व मिटते. बिजागरी हाती देऊन हे दाखवावे. खांद्याचा सांधा खोलगट वाटीत बसविलेल्या गोळ्यासारखा आहे, म्हणून हात चहूकडे फिरतो. अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा आहे. त्यामुळे अंगठा चारही बोटांना जाऊन भेटतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते व सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. हाडे जागेवरून सरकू नयेत म्हणून त्यांना एकमेकांशी बांधणारे चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात.

२. स्नायू फक्त ओढतो

आता या पाठातील मुख्य गोष्ट. स्नायू आखडून ओढू शकतो. ढकलणे त्याला ठाऊक नाही. दोरीने वस्तू ओढता येते, ढकलता येत नाही, हे मुलांकडून करवून घ्यावे. मग वाकलेला हात सरळ कसा होतो? त्यासाठी दुसऱ्या बाजूला दुसरा स्नायू असतो.

मुलांनी डाव्या हाताने उजवा दंड धरावा. उजवा तळवा मेजाखाली लावून मेज वर उचलण्याचा प्रयत्न केला, तर दंडाची पुढची बाजू घट्ट होते. तोच तळवा मेजावर ठेवून खाली दाबला, तर मागची बाजू घट्ट होते. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने सैल व्हावे लागते. दोघेही एकदम ओढू लागले, तर हात जागच्या जागी ताठरतो.

३. बोटांचे चालक कोठे आहेत?

उजव्या हाताचे कोपराखालचे मनगटापर्यंतचे अंग डाव्या हाताने धरून बोटे हलवावीत. आत हालचाल जाणवेल. बोटे वाकविणारे व ताणणारे मोठे स्नायू तेथे आहेत. त्यांच्यापासून दोरीसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी.

मग तळहातात काय आहे? तेथे लहान लहान स्नायू आहेत. बोटे पसरणे, जवळ आणणे, बोट मुळाशी वाकवून पुढे सरळ ठेवणे ही नाजूक कामे त्यांची. बळ मोठ्यांचे, तर नेमकेपणा लहानांचा.

४. वेल्लोरची गोष्ट

लहान स्नायू गेले तर काय होते, हे कुष्ठरोगात दिसते. कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या मज्जातंतूवर हा रोग पुष्कळदा आघात करतो. मज्जातंतू निकामी झाला की तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात. वरचे मोठे स्नायू मात्र शाबूत राहून ओढतच असतात. त्यांना आवरणारे कोणी उरत नाही. बोटे मुळाशी मागे खेचली जातात व टोकाशी आत वळतात; हात पंजासारखा होतो. जे स्नायू सशक्त राहिले त्यांच्याच ओढीने हात वाकडा झाला.

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात एका मिशनरी कुटुंबात झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरुग्णांची बोटे रोगानेच झडतात, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की, वेदना कळत नसल्यामुळे भाजणे, कापणे, घासणे यांनी बोटांची हानी होते. हाताचे मांस बरे होऊ शकते. पुढचा टप्पा कंडरा बदलण्याचा. प्रत्येक बोट वाकविण्यास दोन लांब कंडरा असतात. त्यांतील एक सोडवून, तिचे पदर करून ते बोटांच्या बाजूंना जोडले की लुळ्या स्नायूंचे काम तिच्याकडून होते. परंतु स्नायूला नवे काम आपोआप येत नाही. रुग्णाला आठवडेच्या आठवडे व्यायाम करून ते शिकावे लागते.

याच रुग्णालयातील डॉ. मेरी वर्गीज यांना १९५४ मध्ये मोटार अपघात झाला व कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यानंतर चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या.

५. आपण काय करावे?

गुजरातेत व महाराष्ट्रातही अजून दरवर्षी कुष्ठरोगाचे नवे रुग्ण सापडतात. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. मात्र मज्जातंतूची जुनी हानी औषधाने भरून येतेच असे नाही. म्हणून वेळ दवडू नये. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, करंगळी वळू लागली असेल, चहाचा कप तापलेला समजत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. बोटांमध्ये कागदाची पट्टी धरावयास सांगून ती हळूच ओढून पाहावी. पकड दुबळी वाटली तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्याची कारणे इतरही असतात.

आणि मंडळीत कोणाला हा रोग झाल्याचे कळले, तर त्याला उपासनेत वेगळे बसवू नये. चट्टा लपविण्यास माणसाला भाग पाडले, तर तेवढा काळ उपचाराचा जातो, आणि हात त्या काळातच वाकडा होतो.

वर्गासाठी प्रश्न

१. स्नायू ढकलू शकत नाही, मग हात सरळ कसा होतो?
२. बोटे वाकविणारे मोठे स्नायू कोठे आहेत? करून दाखवा.
३. सशक्त स्नायूंनीच हात वाकडा कसा केला?
४. घरी आई-वडील हातांनी कोणते काम करतात? त्यात अंगठा कोठे लागतो, ते त्यांना विचारून या.